हुकलेली टाळी

ताई, परवा सुपरमार्केटात आपल्या टाळ्या वाजल्या.

मी कोथिंबिरीच्या पिशव्या उलटसुलट करून बघत होते. वरची हिरवीगार आणि आतली काळी पडलेली, हे तुम्हीच मला पहिल्या आठवड्यात दाखवलं होतंत. स्पीकरमधून आधी ते टुणटुण सुरू झालं, मग मुलींचे आवाज, आणि मग टाळ्या. एक आपल्या हातांची, एक समोरचीच्या हातांवर, पुन्हा दोन आपल्या, पुन्हा समोरचीच्या. शेजारी एक चिनी आजी पपई दाबून बघत होती. तिला काय कल्पना, की कोरियातल्या पाच मुली गातायत त्या गाण्यातल्या टाळ्या इथल्या, सिंगापूरच्या क्लेमेंटीतल्या दोन बायकांच्या आहेत, आणि त्यातली एक तिच्या बाजूला कोथिंबीर धरून उभी आहे.

मग ती जागा आली. जिथे टाळी वाजायला हवी आणि वाजत नाही. मी श्वाससुद्धा घेतला नाही. पुढचा ठोका पडला तेव्हा पिशवी जागेवर ठेवली आणि तशीच घरी आले. त्या दिवशी वरणावर कोथिंबीर नव्हती. दादा आणि ईरा, दोघं बापलेक, तसंच जेवले. तुम्ही म्हटलं असतंत, "सुनंदा, आज वरण असं उघडंबोडकं का गं?"

तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले. इथल्या त्या थंडगार हॉलमध्ये तांजोंग पगारच्या तुमच्या ऑफिसातली माणसं पांढरे शर्ट घालून आली होती. एकेकाने पुढे येऊन कागदावरून वाचलं. त्यांच्या इंग्रजीतलं मला निम्मं कळलं. तुम्ही किती हुशार, किती शिस्तीच्या, किती जणांना पुढे आणलंत. खोटं काहीच नव्हतं, पण माझ्या ओळखीचंही त्यात फार नव्हतं. एकजण म्हणाला, त्यांना गाण्याचा छंदही होता. छंद! शनिवारी सकाळी केस वर बांधून, चहा गार होऊ देत, एकाच ओळीवर तीन तीन तास बसायचात ते काय छंद म्हणून? मी मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं. माझं हे नेहमीचंच.

सिंगापूरचा पन्नासावा वाढदिवस झाला त्या वर्षी मी आले. कॉरिडॉरभर झेंडे लावलेले. मला वाटलं, रोजच असतात. आठवी पासचा दाखला मी ब्लाउजमध्ये ठेवला होता, कारण इथे या कामाला यायला आठ वर्षांची शाळा लागते आणि माझी बरोब्बर आठच झाली होती. नववीत आई आजारी पडली, धाकट्यांना बघायला मी घरी राहिले, ती राहिलेच. देवरुखच्या शाळेतल्या बाईंनी दाखला देताना विचारलं होतं, एवढ्या वर्षांनी आता कशाला? ताई, तो दाखला तुम्ही विमानतळावर बघितलासुद्धा नाहीत. "जेवलीस का?" हे तुमचं पहिलं वाक्य.

आणि घरी आल्यावर माझी खोली दाखवलीत. खिडकी नाही, भिंती हातभर जाड, दार लोखंडी. "हे बॉम्ब शेल्टर आहे," तुम्ही म्हणालात.

"युद्ध व्हायचंय का, ताई?"

"अगं नाही गं! सरकारी नियम आहे. सगळ्यांच्या घरात असतं. लोक त्यात सुटकेसा ठेवतात."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पण सुटकेसाच ठेवत होतो. आता तू."

तुम्हालाच ते बोलल्यावर कसंतरी झालं. संध्याकाळी पंखा आणलात, दुसऱ्या दिवशी दिवा, आणि दार रात्री उघडं ठेवायचं असा घरचा नियम केलात. त्याच खोलीत आपलं गाणं झालं, हे आता कुणाला सांगितलं तर पटेल का?

तुमच्या चाली कोरियात, सोलला जायच्या, ते मला कळायला वर्ष गेलं. ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने तिकडचा एक माणूस तुम्हाला मिळाला होता. तो देशोदेशीच्या लोकांकडून चाली घ्यायचा आणि तिथल्या कंपन्यांना ऐकवायचा. तुम्ही लॅपटॉपवर वाजवायचात, वरून इंग्रजीत काहीबाही गायचात, शब्द नसले तर ला ला ला. पाठवायचात. मग उत्तर यायचं, छान आहे, पण. त्या "पण"च्या पुढे तुम्ही कधी मोठ्याने वाचलं नाहीत. मी चहा ठेवायचे. तुम्ही म्हणायचात, "साखर घाल गं आज." तेवढ्यावरून मला कळायचं.

तो गौरीचा शनिवार होता. ईरा शाळेतल्या मुलींबरोबर हातावर हात मारायचं काहीतरी खेळायची, ते मला दाखवत होती. मी म्हटलं, "हे काय, आम्ही याहून भारी खेळायचो," आणि स्वयंपाकघरात तिला झिम्मा शिकवायला लागले. तिचे हात चुकायचे, मग ती इथल्या पोरांसारखं वाक्यामागे लाह लावून "वेट वेट, मावशी, टू फास्ट लाह!" म्हणून ओरडायची. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. गळ्यात हेडफोन.

"सॉरी ताई, बंद करतो आम्ही."

"बंद काय करतेस! परत कर."

परत केलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग ईराला म्हणालात, "तू सरक." आणि माझ्यासमोर स्वतः उभ्या राहिलात. झिम्मा एकटीला खेळता येत नाही ना. तुमचे हात माझ्या हातांवर पहिल्यांदा तेव्हा पडले. मऊ होते. मला लाज वाटली माझ्या हातांची. तुम्ही म्हणालात, "काय कडक आवाज आहे गं तुझ्या हाताचा! माझ्या कॉम्प्युटरमध्ये असा नाही."

मग शेल्टरमध्ये मांडामांड. भिंतींना खिळा मारायची मनाई, म्हणून कपडे वाळत घालायचे बांबू आडवे टाकून त्यांवर माझी गोधडी आणि ईराची ब्लँकेटं टांगली. तुम्ही घड्याळ काढलंत, अंगठी काढलीत. माझ्या हिरव्या बांगड्या किणकिण करत होत्या.

"त्या काढतेस का जरा?"

"ताई, नवरा आहे माझा अजून!"

"असू दे की. मी कुठे मारतेय त्याला!"

शेवटी ईराच्या शाळेचे पांढरे मोजे पुढून कापून बांगड्यांवर चढवले. अशी मी, हातात मोजे, माझ्याच अंथरुणाच्या जागेवर उभी, आणि समोर तुम्ही, मध्ये तो माइक. दार पूर्ण लावलं तर घुसमटायला व्हायचं, म्हणून बोटभर फट ठेवली.

आणि बाहेर गॅसवर कुकर.

तुम्हाला माहितीये माझा स्वभाव. नळ बंद केला का ते तीनदा बघणार, कामाच्या पर्मिटचं कार्ड पर्समध्ये आहे का ते लिफ्टमध्ये दोनदा. तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करायचा म्हणजे माझा जीव शिट्ट्या मोजण्यात. छान चाललं होतं. तुम्ही मान हलवत होतात. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली आणि माझे हात हवेत थांबले. तुमचे माझ्याकडे यायला निघाले होते, तेही थांबले. चार तळहात, मध्ये वीतभर अंतर. मी नुसत्या ओठांनी म्हटलं, गॅस. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी म्हणालात, मरू दे गॅस. आणि पुढच्या ठोक्याला आपण दोघी बरोबर टाळीवर आलो. कशा आलो, देव जाणे.

भात खाली लागला. तुम्ही खरवड सगळी स्वतः खाल्लीत.

नंतर नीट, न चुकता, पुन्हा केलं, दोन-तीनदा. कुकर बंद ठेवून. ते पाठवायचं असं ठरलं. आणि पाठवलंत तुम्ही नेमकं पहिलं. शिट्टी पुसून टाकलेली होती, पण शिट्टीच्या जागी मोकळं राहिलं होतं. चूक लक्षात आली तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावून बसलात. "एवढ्या वर्षांनी एक बरी चाल झाली, आणि मी चुकीची फाइल पाठवली!" दुसरी पाठवायला बसणार, तोच तिकडून उत्तर आलं. या वेळी "पण" नव्हतं. तुम्ही मराठीत करून वाचलंत, "ती जी टाळी नाहीये, तिला हात लावू नका."

मी म्हटलं, "म्हणजे नीट वाजवलेल्या सगळ्या नापास, आणि चुकलेली पास? आमच्या शाळेत असं कधी झालं नाही, ताई."

मग महिनोन् महिने काही नाही. गाणं होल्डवर आहे, म्हणायचात, म्हणजे कंपनीने राखून ठेवलेलं. मला वाटायचं टेलिफोनवर. मग एकदम सुरू झालं. कंपनीला आवडलं, पण पट्टी वर हवी. पट्टी वर केलीत. मग शब्द दुसऱ्या बाईने कोरियनमध्ये लिहिले. तुमचं गाणं होतं ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या दोघांचं, त्यांनी केलं मेसेजला उत्तर न देणाऱ्या मुलाचं. मग मधला अंतराच काढून टाकला आणि तिथे भरभर बोलणं घातलं. त्या दिवशी तुम्ही घरभर चालत होतात. "माझा अंतरा कापला त्यांनी!"

"ब्लाउजपीस कापलं तरी साडी साडीच असते ना, ताई."

तुम्ही थांबलात, माझ्याकडे बघितलंत, आणि हसायला लागलात. म्हणालात, हे सोलला कळवते. कळवलंत का कधी?

आता ते सांगायला हवं, जे मी टाळत इथवर आले.

गाणं यायच्या आधी एक कागद भरून द्यायचा होता, कुणी काय केलं त्याचा. तुम्ही तो टेबलावर ठेवून सहज विचारलंत, "सुनंदा, पासपोर्टवर तुझं पूर्ण नाव काय आहे गं?" मी शेंगा सोलत होते. माझ्या पर्मिटवर लिहिलेलं, या पत्त्यावर, घरकाम. रविवारी खाली भेटणाऱ्या माझ्यासारख्या कामाच्या बायका सांगायच्या, अमकीला दुसरं काम करताना बघितलं, आठवड्यात परत पाठवली. माझी लेक प्रियांका तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

"नाव नको, ताई."

"का? टाळ्या वाजवणं हे काय काम आहे?"

"काम नसेल तर नाव कशाला लावता? नाव लागलं की काम झालं ते."

मग तुम्ही समजावायला लागलात. चौकशी करते म्हणालात, कुणी काही करणार नाही म्हणालात. जितकं समजावलंत तितकी मी भ्यायले, आणि भ्यायले की मी टोचून बोलते. मी म्हटलं, "तुमचं काय जातं, ताई. कागद माझा आहे. घरी मला पाठवतील, तुम्हाला नाही."

तुम्ही लॅपटॉप मिटलात. संध्याकाळी स्वतःचा चहा स्वतः केलात. कागद माझ्या नावाशिवाय गेला.

गाणं आलं त्या दिवशी तुम्ही अर्धी रजा घेतली होतीत. कोरियात सहाला, आपल्याकडे पाचला. ईरा शाळेचा युनिफॉर्म न बदलता टीव्हीला फोन जोडून बसलेली. ती म्हणाली, "इट्स देअर कमबॅक." मी विचारलं, "कमबॅक म्हणजे? गेल्या कुठे होत्या?" ती म्हणाली, "मावशी, अय्यो, कुठेच नाही लाह, नवीन गाणं आलं की कमबॅक म्हणतात." मी लसूण घेऊन खाली बसले होते. तुम्ही म्हणालात, "वर बस." भांडणानंतर तुम्ही एवढ्या हक्काने काही बोललेलं ते पहिलंच. मी लसणासकट वर बसले.

पाच मुली, चंदेरी स्कर्ट, मागे गुलाबी रंगाचा रिकामा पोहण्याचा तलाव. तुमची चाल मला पहिल्यांदा ओळखूच आली नाही, इतकी नटवलेली. मग टाळ्या आल्या. पाचही जणी एकमेकींकडे वळल्या, हातावर हात मारले. आणि नेमक्या त्या जागी सगळ्यांचे तळहात हवेत थांबले, मध्ये वीतभर अंतर, आणि माना बाजूला कललेल्या. लांबून काहीतरी ऐकू येतंय, अशा.

"अगं, कुकर!" तुम्ही किंचाळलात.

ताई, मी तशी हसले नव्हते कधी. लसणाच्या पाकळ्या सोफ्याखाली गेल्या. तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं आपटत होतात. ईरा वैतागून, "व्हॉट इज सो फनी? मॉम, स्टॉप लाह, आय कान्ट हिअर!" पुन्हा लावलं, पुन्हा तीच जागा, पुन्हा आपण दोघी तशाच. डोळे पुसताना तुम्ही हळूच म्हणालात, "नाव हवं होतं गं तुझं यात." मी लसूण गोळा करायला वाकले.

तेव्हा म्हणायला हवं होतं, मी बोलले ते चुकलं.

पुढचे काही महिने मुली खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, आणि स्टेशनच्या काचेसमोर तीच टाळी न वाजवता थांबायच्या. मी भाजी घेऊन येताना बघायचे. छाती भरून यायची आणि लगेच धडधडायची. तुम्ही दर थोड्या दिवसांनी विचारायचात, "सांगू का कुणाला?" मी, "नको." तुम्ही, "बरं." भांडण संपलं नाही, त्याचा आवाज तेवढा कमी झाला.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या हातांना क्रीम लावत होते. ते इतके हलके झाले होते की दाबायची भीती वाटायची. तुम्ही म्हणालात, "आता तरी सांगू दे गं, कुणाला तरी."

"बऱ्या व्हा आधी. मग बघू."

तुम्ही हसलात जरासं. "तू आणि तुझी शिट्टी."

तेच शेवटचं, मला उद्देशून. त्यानंतर तुम्ही ईराशी बोललात, दादांशी बोललात. मी दाराशी होते. माफी तोंडात होती. लोकांसमोर कशी मागायची, म्हणून थांबले. पुन्हा हात हवेतच.

मागच्या शुक्रवारी दादांनी माझे कागद काढले. पर्मिट तुमच्या नावावर होतं, ते त्यांच्या नावावर करायचं. मी विचारलं, राहू ना मी? ते म्हणाले, "हा काय प्रश्न झाला, सुनंदाताई." फॉर्म भरताना सहज बोलले, की घरकामाच्या बाईला दुसऱ्या कामाला लावलं तर बाईइतकाच तिला ठेवणाराही अडकतो. मी विचारलं, "ताईंना हे माहीत होतं?" ते म्हणाले, "केतकीने तेव्हाच चौकशी केली होती की. मला म्हणाली, आलंच काही तर मी तोंड देईन, पण नाव तिचंच आहे. तुला बोलली नाही?"

नाही बोललात. मी म्हटलं होतं, तुमचं काय जातं. तुम्ही तेव्हा एवढं एकच वाक्य बोलला असतात तर मी गप्प झाले असते. नाही बोललात, स्वतःचा चहा केलात फक्त. मी शेल्टरमध्ये जाऊन बसले, लोखंडी दार लावलं आणि पहिल्यांदा मनासारखी रडले. आवाज बाहेर येत नाही, हे आपणच तपासून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ईरा खाली गेली होती. शाळेच्या कसल्याशा कार्यक्रमात तिच्या मैत्रिणी तेच गाणं करणार आहेत. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्यात गेली, म्हणून मी पाण्याचं निमित्त करून मागून गेले. त्यांचा वाद चाललेला, त्या थांबायच्या जागी नक्की काय करायचं. एक म्हणाली, तो मुलगा दार वाजवतोय, तो ऐकायचा. दुसरी म्हणाली, नाही, स्वतःच्या हृदयाचे ठोके.

ईरा म्हणाली, "नो लाह. प्रेशर कुकर."

सगळ्या हसल्या. ईरा नाही हसली. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी तुम्ही बघायचात तसं, विचारत. म्हणजे तुम्ही केव्हातरी तिला सगळं सांगितलं होतंत! आणि तुम्हाला दिलेला शब्द म्हणून ती गप्प होती.

मी पाण्याची बाटली खाली ठेवली. बांगड्या वर सारल्या. ईरा समोर येऊन उभी राहिली. गाणं नव्हतं, नुसत्या टाळ्या. एक आपली, एक तिच्या हातावर. चौदा वर्षांची झाली, तिचे हात आता चुकत नाहीत. मऊ आहेत, तुमच्यासारखे. ती जागा आली तेव्हा आम्ही दोघी थांबलो, आणि त्या वीतभर अंतरात, ताई, तुम्ही होतात. मग पुढच्या ठोक्याला बरोबर आलो.

पोरी बघतच राहिल्या. एकीने फोनवर सगळं घेतलं होतं. ती म्हणाली, "आंटी, दॅट्स रिअली यू? व्हॉट्स युअर नेम?"

चार वर्षं त्या मुली मला आंटी म्हणतायत. मी म्हटलं, "सुनंदा. सुनंदा गोपाळ जाधव." पासपोर्टवर आहे तसं पूर्ण.

ईराने विचारलं, "मावशी, नाव घालू व्हिडिओला? तुझं आणि मम्माचं?"

ताई, छाती धडधडत होती. अजूनही धडधडतेय, लिहितानासुद्धा. पर्समधलं कार्ड मी दोनदा चाचपून बघितलं.

आणि म्हटलं, घाल.